रक्त वाळलं की तपकिरी होतं

जांभळं आली. आमच्या पालेगावच्या कॉम्प्लेक्सच्या गेटबाहेर पाट्या घेऊन बाया बसायला लागल्या, वॉचमनची जीभ जांभळी दिसायला लागली, आणि पार्किंगमधल्या पांढऱ्या गाड्यांवर पाखरांनी जे काही सोडायचं ते जांभळ्या रंगात सोडायला सुरुवात केली. मला हा मोसम आवडतो असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. मला जांभळं आवडतात, मोसम नाही. दोन्हींत फरक आहे.

सुट्टीला माझी भाची सई आली आहे. वय वर्षं पंधरा, म्हणजे अक्कल यायची वाट बघतेय. सोफ्यावर आडवी, पोटावर जांभळांचं वाडगं, बाजूला मीठ, आणि छातीवर टेकवलेल्या फोनमध्ये तोच सिनेमा. तोच तो, रक्तपिपासू पोरगा आणि त्याच्यावर भाळलेली शाळकरी पोरगी. मला वाटलं होतं एव्हाना मेला असेल. पण तो सिनेमाही त्यातल्या पात्रांसारखाच, मरत नाही मेला.

"मावशी, हा बघ ना, किती त्याग करतो तिच्यासाठी."

"कसला त्याग?"

"तिचं रक्त पीत नाही."

"मीपण तुझं पीत नाही. माझा फोटो लाव देवघरात."

सई फुरंगटली. तिची आई म्हणजे माझी बहीण सांगते, की मी पोरांशी असं बोलू नये, मनावर घेतात. घेऊ देत. माझ्या मनावर एकीने याहून वाईट घातलंय, आणि मी मजेत आहे.

तिचं नाव कोमल. आईबापांनी काय बघून ठेवलं होतं देव जाणे, कारण तिच्याइतकी धारदार जीभ मी नंतर पाहिली नाही. आम्ही तेव्हा बदलापूरला राहायचो आणि मी उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावीला गेले. पहिल्याच दिवशी बाजूच्या बाकावरची सिंधी पोरगी मला म्हणाली, "ए मराठी, सरक." शेवटपर्यंत तिने मला याच नावाने हाक मारली. तिच्या पप्पांचं उल्हासनगरच्याच कॅम्प चार या भागात जीन्सच्या चेनी आणि बटणांचं दुकान होतं. घरी सिंधी, दुकानात हिंदी, आणि माझ्याशी हट्टाने मराठी. ते मराठी ऐकून आमचे मराठीचे सर डोळे मिटून घ्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "उद्या मी नाही येणार. उद्या मला खून भेटणार."

मी घाबरले. तिने माझ्याकडे येड्याकडे बघावं तसं बघितलं आणि कोपराच्या आतली बाजू दाखवली. सुयांच्या खुणाच खुणा. तिला जन्मापासून थॅलेसेमिया होता. अंगात रक्त बनायचं ते टिकायचं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी भरून घ्यायचं, की पुढचे दोन-तीन आठवडे जगायचं. उल्हासनगरात अशी पोरं कमी नव्हती. त्यांच्यासाठी तिथे सारखी रक्तदानाची शिबिरं व्हायची, आणि सगळे त्याला कॅम्प म्हणायचे. कोमल म्हणायची, "फाळणीनंतर आजोबा इकडे कॅम्पमध्ये आले. मी कॅम्पमध्ये जन्मले. आता कॅम्पवर जगते. आमच्या खानदानाचं कॅम्प काय सुटत नाही."

असं बोलून स्वतःच खदाखदा हसायची. आपण हसलो नाही तर रागवायची, आणि हसलो तर म्हणायची, "शरम नाही वाटत? बीमार मुलीवर हसते."

पहिल्या वर्षी जांभळांच्या दिवसांत ती आमच्या घरी बदलापूरला आली. अंगणातल्या ओट्यावर बसून आम्ही अर्धी पाटी संपवली. माझी जीभ, ओठ, हनुवटी, सगळं जांभळं. तिचंही. तिचा चेहरा तसा नेहमी फिकट, त्यावर तो ओठांचा रंग. माझ्या आईने पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, कुणाचं रक्त पिऊन आलीस की काय!" मग स्वतःच्याच बोलण्याने आईचा चेहरा असा पडला, की विचारू नका. कोमल शांतपणे म्हणाली, "हो आंटी. परवाच प्यायली. दोन बाटली."

तर अशा पोरीला तो सिनेमा बघायचा होता. का, हे कळायला अवघड नाही. जगातल्या सगळ्या सिनेमांत नायिका नाचतात, रडतात, घोड्यावर बसतात. दुसऱ्याच्या रक्तावर जगणारी फिकट माणसं नायक झालेली तिने कधी पाहिली नव्हती. "आमच्यावर बनवला आहे पिक्चर," ती सांगत सुटली होती. "ए मराठी, पहिल्यांदा आमच्यावर बनवला." पोस्टर बघून ती खूश झाली. हिरोचा रंग बघ म्हणाली, याचा हिमोग्लोबिन सहाच्या वर असेल तर मला बोल.

बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. त्यातच एका शनिवारी तिची रक्त घ्यायची पाळी होती आणि मी सोबत गेले होते. त्या वॉर्डात दहा-बारा पोरं, प्रत्येकाच्या डोक्याशी स्टँड, स्टँडला लाल पिशवी. दिवसभराचं काम ते. थेंब थेंब पडतो, आणि पोरं कंटाळतात, मारामाऱ्या करतात, करता येतील तितक्या, कारण एक हात बांधलेला. कोमल तिथली सगळ्यांत मोठी, म्हणून दादागिरी तिची. तिने गोल मैदानाजवळच्या कुठल्याशा दुकानातून त्या सिनेमाची हिंदीत बोलणारी सीडी पैदा केली होती, कोणाच्या तरी भावाचा लॅपटॉप मागवला होता, आणि सगळ्या खाटा ओढून अर्धवर्तुळ केलं होतं. सिस्टर बोंबलत होती, तिच्याकडे कोण लक्ष देतंय.

तो दिवस आठवला की मला त्या सिनेमा बनवणाऱ्यांना एकेकाला कान धरून त्या वॉर्डात आणावंसं वाटतं. कारण जगात त्याला इतके हक्काचे प्रेक्षक दुसरे मिळाले नसते. पिशव्या लटकलेल्या, रक्त अंगात जातंय, आणि समोर त्यांच्याच जातीचा हिरो.

आणि हिरो करतो काय? उसासे टाकतो. झाडाला टेकून उभा राहतो. ती समोर आली की नाक मुरडतो, आणि मग आपल्याला सांगतात की हे नाक मुरडणं म्हणजे प्रेम. तिच्या रक्ताचा वास येतो म्हणून तळमळतो, पण पीत नाही, कारण तो चांगल्या घरातला आहे. अर्धा पिक्चर झाला, पाऊण झाला, कोणी कोणाचं काही पिईना. शेवटी खिडकीजवळच्या खाटेवरची सात-आठ वर्षांची रिया वैतागून म्हणाली, "दीदी, ये पीता क्यों नहीं है?"

"शरीफ है," कोमल म्हणाली.

"शरीफ है तो मर जाएगा ना?"

वॉर्डातलं ते एकमेव समीक्षण. नंतर मोठमोठ्यांनी त्या सिनेमावर काय काय लिहिलं, ते मी वाचलं. रियाच्या पुढे कोणी गेलं नाही.

कोमलचा मात्र भडका उडाला होता. पिशवी संपली, सुई निघाली, आम्ही बाहेर येऊन रिक्षात बसलो, तरी ती थांबेना. "उपास करतात! समोर खून आहे, आणि उपास! हरामखोर. आमच्याकडे मे महिन्यात बाटली भेटत नाही, कॉलेजवाले गावाला जातात, कॅम्प होत नाही, पप्पा दहा लोकांना फोन करतो. आणि हा तिकडे भाव खातो. याला एकदा थॅलेसेमिया व्हायला पाहिजे." रिक्षावाला आरशातून बघायला लागला. "तू पुढे बघ," तिने त्यालाही सुनावलं. मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं होतं, शेवटी कोणीतरी त्याला देईल. ती हिरोइन नाहीतर कोणी. हात पुढे करून बोलेल, घे."

मी म्हटलं, जांभळं घेऊया का. घेतली.

आता निखिल. निखिल बदलापूरजवळच्या जांभूळ गावचा, आमच्याच कॉलेजचा. अकरावीत एक वर्ष मुक्काम केल्यामुळे आमच्याहून मोठा. घरची शेती, बांधावर जांभळाची जुनी झाडं, गावात मान. दिसायला बरा, आणि ते त्याला फारच लवकर समजलेलं. बाकीच्या पोरी पोरांचे डोळे बघायच्या, केस बघायच्या. कोमल गळ्यातलं आयकार्ड बघायची. त्यावर नावाखाली रक्तगट छापलेला असतो. तिचा गट बी निगेटिव्ह, दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. एक दिवस कँटीनमध्ये तिने माझं मनगट असं दाबलं, की बांगडी रुतली. "ए मराठी, बघ. बघ ना! बी निगेटिव्ह." तिच्या डोळ्यांत जे होतं ते प्रेमच होतं. मी दुसरं काही म्हणणार नाही. लोक याहून फुटकळ कारणांनी लग्नं करतात.

आणि त्या येड्याला वाटलं, ती त्याच्या छातीकडे बघते.

तो सिनेमा त्यानेही पाहिला होता, आणि पाहून पुरता वाया गेला होता. मे महिन्याच्या उन्हात काळा फुल शर्ट. हसणं बंद. कोमलच्या गल्लीच्या तोंडाशी, कापडाच्या गाठोड्यांनी भरलेल्या टेम्पोला टेकून तासन् तास उभा राहायचा, तिच्या खिडकीकडे बघत. हमाल त्याला हाकलायचे, "ए हिरो, बाजू हो," की दुसऱ्या टेम्पोला टेकायचा. घामाने शर्टावर मिठाचे नकाशे उमटायचे. मला किळस यायची. कोमल पडद्याआडून बघायची आणि म्हणायची, "फालतू आहे. पण उभा तर राहतो." तिच्या खिडकीखाली दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं आणि राहणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. सिंध्यांत काय, मराठ्यांत काय, अशा पोरीला कोण विचारतं? नातेवाईक पप्पांना सांत्वन केल्यासारखे भेटायला यायचे, ती समोर चहा घेऊन उभी असताना.

एक दिवस त्याने तिला रुमाल दिला. पांढरा, घडी घातलेला. आत मोठ्या अक्षरांत कोमल, आणि खाली एक बदाम. मनगटाला बँडेज गुंडाळून आला होता. "मेरे खून से लिखा है," म्हणाला, सिनेमातल्यासारखं खालच्या आवाजात.

मला क्षणभर खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. कोमलने रुमाल उजेडात धरला. उलटा केला. नाकाशी नेला. मग अशी काही हसत सुटली, की पोट धरून पायरीवर बसली.

"काय झालं?" निखिल.

"येड्या, खून वाळला की ब्राउन होतो. हे जांभळं आहे."

तो पाय घट्ट करून उभा राहिला. "बी पॉझिटिव्हचा ब्राउन होत असेल. माझा वेगळा आहे."

अरे देवा! आयुष्यभर सुया टोचून घेतलेल्या पोरीला हा रक्ताचे रंग शिकवत होता. घरच्या झाडाची जांभळं कुस्करून, काडी बुडवून नाव काढलं, आणि ते नेऊन दिलं कोणाला, तर तिला! दुसऱ्या कुठल्याही पोरीने तो रुमाल उशीखाली ठेवून आसवं गाळली असती. याने सगळं गाव सोडून दवाखान्याचं दार ठोठावलं.

"बरं झालं खोटा आहे," कोमल डोळे पुसत म्हणाली. "खरा असता तर चप्पल मारली असती. खून काय कपड्यावर सांडायची चीज आहे? बाटलीत दे. देशील?"

"तेरे लिए तो जान दे दूंगा."

"जान नको. जान घेऊन काय करू? एक बाटली दे."

"दिली," तो म्हणाला. "केव्हा पण बोल."

त्याने केव्हा पण बोल म्हटलं, आणि ती बोलली. यात तिची चूक काय?

मे संपत आला होता. जांभळं आता गळून पडत होती, रस्ते चिकट झाले होते. आणि तिची तारीख येऊन गेली तरी रक्त मिळत नव्हतं. पप्पा फोनवर असायचे. या रक्तपेढीत नाही, त्या रक्तपेढीत नाही, तिसरीकडे आहे पण गट वेगळा. कोमलला दोन जिने चढवेनात. ओठ कागदासारखे. तरी जीभ चालू. "मी आता शरीफ झाले," म्हणायची. "त्या हिरोसारखा उपास करते." शनिवारी कॅम्प चारमध्ये दरबाराच्या, म्हणजे सिंध्यांच्या मंदिराच्या, हॉलमध्ये शिबिर ठरलं. तिने निखिलला मोबाइल लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दोन दिवस बंद. मग तिने कॉलेजच्या कोणाकडून तरी त्याच्या घरचा नंबर मिळवला.

मी बाजूलाच बसले होते. फोन त्याच्या आईने उचलला. मी कोमलला खुणेने म्हटलं, मला दे, मी बोलते. तिने हात झटकला. होणाऱ्या सासूशी (हा शब्द तिचाच, थट्टेतला, पण अर्धाच थट्टेतला) ती मराठीतच बोलणार होती. घसा साफ केला, ओढणी सारखी केली, जणू फोनमधून दिसतं, आणि शुद्ध, गोड, एकेक शब्द सावकाश म्हणाली:

"आई, नमस्कार. मी उल्हासनगरहून कोमल. मला निखिलचा खून पाहिजे. शनिवारी. सकाळी कॅम्प चारच्या दरबाराच्या हॉलमध्ये पाठवून द्या. काही खाऊन पाठवा."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज. मग फोन बंद.

"किती शरमते ना," कोमल म्हणाली.

मी तिला सांगितलं, की मराठीत खून म्हणजे काय. तिचं तोंड उघडं राहिलं. मग विचारलं, तुमच्या सिंधीत काय म्हणतात. म्हणाली, रत. म्हणजे जवळजवळ आपलंच रक्त. स्वतःच्या सिंधीत बोलली असती तरी त्या बाईला समजलं असतं. उधारीच्या हिंदीने घात केला. परत फोन लावला तर लागेना. माझ्या मते तोवर तो भिंतीतून उपटला गेला होता.

शनिवारी हॉलमध्ये पंखे गरगरत होते, खाटा मांडलेल्या, दहा-बारा माणसं आलेली. सगळी दुसऱ्याच गटाची. निखिलचा पत्ता नाही. कोमल दाराजवळच्या खुर्चीत, तोंड दाराकडे. मी तिला सांगितलं, आत बस, ऊन लागतंय. ती म्हणाली, "इथून दिसतं." तिने कानात झुमके घातले होते. रक्त घ्यायला कोणी झुमके घालून येतं का?

आणि मग दारात टेम्पो थांबला. आधी उतरला निखिलचा काका, बाळाराम, घरच्या म्हशी राखणारा, एका हाताने म्हशीला दावणीला ओढेल असा गडी, हातात काठी. मागून निखिलची आई, पदर खोचलेला, डोळे रडून सुजलेले.

"कोन हाय ती कोमल? माझे पोराचा खून मांगते? ये फुडं! ये!"

हॉलमधले सिंधी काका लोक बिस्किटांसकट भिंतीला लागले. कोमल उठून उभी राहिली. उभं राहताना खुर्चीच्या पाठीला धरावं लागलं. "मी," म्हणाली.

त्या बाईने तिला बघितलं. वर उगारलेला हात तसाच राहिला. गुंड शोधत आली होती, आणि समोर चाळीस किलोची, पांढरी फटक, झुमकेवाली पोर. मी मध्ये पडून भराभर सगळं सांगितलं. खून म्हणजे रक्त, बाटली, आजार, बी निगेटिव्ह. काकाने काठी हळूच खाटेखाली सारली.

"मंग निक्या आला नाय?" आईने विचारलं.

"नाही आला."

"तो बोलला, मना मारनार हायेत, म्हनून मामाकडं पनवेलला जाऊन बसलाय." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "त्याला ठावं होता? काय मांगतेस ते?"

कोमलने मान हलवली आणि कानातले झुमके काढायला लागली. मला तो सिनेमा त्या क्षणी जितका खोटा वाटला, तितका लॅपटॉपवर बघतानाही वाटला नव्हता. तिथे निदान न पिणारा हिरो समोर उभा तरी होता.

निखिलच्या आईने पदर सोडला, बाही वर केली. "माझा घ्या. मी आई त्याची, माझा चालंल." बोट टोचून तपासलं. नर्स म्हणाली, "ताई, तुमच्याच अंगात कमी आहे. नाही घेता येणार." त्या बाईला हा अपमान पोराच्या पळून जाण्याहून जास्त लागला. दोनदा तपासायला लावलं. तिसऱ्यांदा नर्सनेच हात जोडले. मग काका गुमान खाटेवर आडवा झाला. त्याचा गट बी निगेटिव्हच निघाला. सुई बघून त्या आडदांड माणसाने डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने वहिनीचा पदर धरला. पण हात हलवला नाही.

तपासण्या होऊन ती बाटली कोमलला चढली. त्यावर तिची प्रतिक्रिया, "हिरोचा मागितला, काकाचा भेटला. आता मला म्हैस बघून प्रेम येतं." रुमाल तिने टाकला नव्हता. तिच्या मम्मीने सगळ्या साबणांनी धुतला, जांभळाचा डाग जात नाही. निखिल पावसाळ्यानंतर कॉलेजात दिसला, केस नव्या तऱ्हेचे. कोमलसमोरून जाताना त्याने फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

तिने पंचविशी गाठली नाही. रक्त मिळालं नाही म्हणून नव्हे, ते मिळत राहिलं. दुसऱ्यांच्या रक्तातलं लोखंड अंगात साठत जातं, औषध घेऊनही पुरतं निघत नाही, आणि एक दिवस काळजावर बसतं. ज्याच्यावर जगायचं त्यानेच मारायचं. "उल्हासनगरची आहे ना," ती म्हणायची, "माझ्यात पण भंगार जमा होणारच." सिनेमातल्या त्या पोरीला अमर व्हायचं असतं, त्याच्यासाठी ती पायरीवर बसून रडते. ते बघून आजही माझा हात चपलेकडे जातो. कोमलला अमर नव्हतं व्हायचं. तिला पुढची बाटली हवी होती. मला तिची आठवण येते असं मी कोणाला सांगत नाही. येते. जांभळं तोंडात टाकली की येते, आणि मग ती गोड लागत नाहीत.

हे सगळं उगाळायला सईचा फोन पुरला नसता. काल गेटबाहेर फ्लेक्स लागला. लोकनेते, भावी नगरसेवक, निखिलदादा यांच्या वाढदिवसानिमित्त भव्य रक्तदान शिबिर. दोन मजली निखिल, पांढरा कुर्ता, गॉगल, हात जोडलेले. शिबिर आमच्याच क्लबहाऊसमध्ये. जांभूळकडची जमीन बिल्डरला गेली, झाडं गेली, दादा मोठे झाले. मी अठरा पुरी झाल्यापासून दर मेमध्ये रक्त देते, त्यामुळे जायचं तर होतंच. सईला म्हटलं, चल, तुला हिरो दाखवते.

आम्ही पोचलो तेव्हा दादांचं रक्तदान चाललं होतं. म्हणजे दादा खाटेवर आडवे, बाही वर, कोपराच्या आत कापूस आणि चिकटपट्टी, चेहऱ्यावर त्याग. फोटोवाला म्हणाला, "दादा, जरा इकडे." दोन फोटो झाले, तिसरा झाला, आणि दादा उठायला लागले. पिशवी कोरी होती. मी नीट पाहिलं.

नाव नोंदवणाऱ्या पोराने विचारलं, "ताई, काय?" टेबलावर माइक होता, चालू. मी काही ठरवून गेले नव्हते. पण तोंडातून निघाला तो कोमलचा आवाज, तेच मराठी, तितकंच सावकाश.

"निखिलचा खून पाहिजे."

हॉलभर घुमलं. दोन पोरं माझ्याकडे धावली. दादा खाटेवरच थिजले. आणि पहिल्या रांगेत, सत्काराची शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईने मान वळवली. चष्मा सारखा केला.

"तू त्या कोमलची मैतरीन ना गो?"

"हो."

"कशी हाय ती?"

"गेली. केव्हाच गेली."

तिने शाल खुर्चीवर ठेवली, गुडघ्यांवर हात देत उठली, लेकाच्या खाटेशी गेली आणि त्याच्या हातावरची चिकटपट्टी ओढून काढली. कापूस खाली पडला. आत सुईची खूण नव्हती.

"आई, ते फोटोसाठी..."

"झोप."

"आई, लोकं बघतात."

"बगू दे. तवा माझा नाय घेतला. तुझा घेतील. झोप, निक्या."

दादा झोपले. नर्सने सुई लावली तेव्हा त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी आईचा पदर शोधला. तिने पदर सोडवून घेतला. पिशवी भरत गेली. सई माझ्या दंडाला चिकटून बघत होती. एकदा कुजबुजली, "मावशी, हा रडतोय." मी म्हटलं, "बघ. असा असतो त्याग."

सुई काढताना एक थेंब पांढऱ्या बाहीवर पडला. दादा उठून बसले, ज्यूस प्यायले, माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं समाधान?"

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. पिशवीतली जांभळं काढून सईला दिली, एक मी खाल्लं. पंखा चालू होता. बाहीवरचा डाग वाळला, आणि तपकिरी झाला.